ओठ दोनदा मिटतात

हुडकेश्वर, नागपूर
४ जानेवारी २०२५

चि. नंदूले मोठ्या आईचा जय भीम.

पहिले जय भीम, मग तब्येत, मग बाकीचं, अशी तुह्या मोठेबाबाची पत्राची शिस्त होती. माणूस गेला तरी शिस्त सुटत नाही.

फोन काहून नाही केला म्हणशील. फोन मी कपाटात ठेवून देला. रोज कोणी न कोणी करते. म्हणते फार वाईट झालं, मी म्हणते हो. म्हणते सांभाळून राहा, मी म्हणते हो. दिवसातून किती वेळा हो म्हणावं माणसानं? कागदावर बरं असते, मधात कोणी बोलत नाही. अन् छत्तीस वर्षं त्यायनं रेल्वेच्या डाकडब्यात उभं राहून लोकाईची पत्रं गावागावाच्या खणात टाकली, त घरात पाकिटं अन् तिकिटं ढीगभर आहेत. तेवढीच कामी येतील.

येत्या नऊ तारखेले दोन महिने होतात. आंघोळीले जातो म्हणून उठले अन् न्हाणीच्या दारातच बसले. बादलीतलं पाणी गरम होतं तवा. मग लोक आले, भन्तेजी आले, पुण्यानुमोदन झालं, तूही येऊन गेली. मी काही रडली नाही. आपली सूनबाई पायल म्हणते, आई, एकदा रडून घ्या. आता रडणं काय भाजी आहे का, आज करून घ्या म्हटलं की झाली? मले काहीच होऊन नाही राहिलं नंदू. टीव्ही लावला की पाहते, बंद केला की बंद टीव्हीकडे पाहते.

एक काम आहे तुह्याकडे. मले त्यायचा आवाज ऐकायचा आहे. रडायसाठी नाही, उगीच. परवा त्यायचा आवाज आठवून पाहिला अन् आठवेचना. चेहरा येते, हात येतात, चपलीचा फटफट आवाज येते, बोलणं येत नाही. बेचाळीस वर्षं ऐकला आवाज अन् दोन महिन्यात गेला? मग संघपाल अन् पायलच्या लग्नाची सीडी लावली. त्यात ते मांडवाच्या दारात उभे आहेत, सगळ्याईले या, बसा म्हणून राहिले. तोंड हलते. पण त्या व्हिडिओवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वरून पिक्चरचे गाणे भरले आहेत. तीन तासाची सीडी, त्यायचा एक शब्द नाही. मोबाइल त्यायचा साधा, बटणाचा. त्यात काही राहत नाही.

मग आठवलं, तुह्या पिक्चरात आहे की! मागच्या फेब्रुवारीत तू ती शूटिंगची सारी मंडळी घेऊन आपल्या घरी आली होती. पाहुणे दारात येतात अन् घरचा म्हातारा म्हणतो, जय भीम, या, बसा, चहा घ्याल ना? एवढंच काम होतं त्यायचं, पण सात वेळा बोलून घेतलं होतं तुह्या डायरेक्टर साहेबानं. कधी येते तो पिक्चर? मले पूर्ण नाही पाहायचा. तेवढंच ऐकायचं आहे.

तुही
मोठी आई

•

मुंबई
२७ जानेवारी २०२५

प्रिय मोठी आई,

पत्र मिळालं. तुझं अक्षर पाहून हॉस्टेलचे दिवस आठवले. तेव्हा तुझी पत्रं यायची आणि पाकिटावरचा पत्ता मोठेबाबांच्या अक्षरात असायचा, पिनकोडच्या प्रत्येक आकड्याला वेगळा चौकोन आखून.

चित्रपट एप्रिलमध्ये येईल असं दिसतंय. नक्की नाही. नावही दोनदा बदललं. मी दिग्दर्शकांची सहायक असले तरी या गोष्टी आम्हाला शेवटी कळतात. मोठेबाबांचा प्रसंग आहे, कापलेला नाही. अकरा सेकंदांचा आहे. आवाजाचं काम मात्र अजून चालू आहे, त्यामुळे आत्ताच काही मनात धरून बसू नकोस.

आणि थिएटरला जाऊ नकोस. तिथे फार मोठा आवाज असतो, तुला त्रास होईल. नंतर मोबाइलवर येईल, तेव्हा मी स्वतः घरी येऊन दाखवते. आपण दोघीच बघू.

जेवत जा. संघपालदादाला आणि पायलवहिनीला सांग, मी फोन करते.

तुझी
नंदिनी

•

हुडकेश्वर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. नंदूले जय भीम.

तुह्या पत्रात वरती जय भीम राहून गेला. घाईत राहिला असेल. मुंबईले सगळ्याईलेच घाई.

आवाजाचं काम चालू आहे म्हणते, त एक निरोप सांग त्या लोकाईले. ते बोलता बोलता मधात खोकलले होते. तो खोकला काढू नका म्हणा. साफ करायच्या नादात लोक सगळंच साफ करतात. पायल पितळेचा गडू घासून घासून त्यावरचं नाव पुसून बसली.

अन् मले मोठ्या आवाजाचा त्रास काहून होईल? घरात एवढी शांतता आहे की फ्रिज चालू झाला तरी मी दचकते.

शूटिंगचं आठवून राहिलं आज. तुहे ते सजावटवाले आले अन् पहिले म्हणाले, भिंतीवरचे फोटो काढा. भगवान बुद्ध अन् बाबासाहेब, दोन्ही. मी म्हटलं, आता हे भांडतात. पण नाही भांडले. स्वतः स्टुलावर चढले, उतरवले, नव्या चादरीत गुंडाळले अन् पलंगावर ठेवले. दोन रात्री स्वतः खाली सतरंजीवर झोपले. मग अंगणात ते पोकळ तुळशीवृंदावन आणून ठेवलं. एका हातानं उचलत होता तो माणूस. हे म्हणाले, अरे बापा, माह्या घरी एक तुळसा चाळीस वर्षांपासून हाय, आता ही दुसरी कायले? सारे हसले. मीही हसली. माह्या नावावर चाळीस वर्षांत पहिल्यांदा चेष्टा केली माणसानं, तीही परक्याईच्या समोर.

तुले मालूम नसेल, त्यायनं घर काहून देलं शूटिंगले. पैशासाठी नाही. लग्न झालं तवापासून आम्ही दर महिन्याले पिक्चर पाहत होतो. मी हिरोईनीच्या साड्या पाहत होती अन् हे भिंती. खरंच सांगते. घर गरीबाचं असो की पाटलाचं, कोनाड्यात देव, अंगणात तुळस, माय आरती घेऊन उभी. बाहेर निंघाले की म्हणत, आजही आपली भिंत नाही दिसली वं. कोर्टात बाबासाहेबांचा फोटो दिसते, पोलीस ठाण्यात दिसते, कोणाच्या घरात नाही दिसत. आपल्यासारखे लोक घरात राहत नाहीत का? तू म्हणाली, मोठेबाबा, आपल्या घरी शूटिंग करायचं आहे, त ते आठ दिवस स्वतः चुना लावत होते त्या भिंतीले.

म्हणून फोटो उतरवले तवा मी त्यायच्या तोंडाकडे पाहिलं. फक्त तुह्या साहेबाले म्हणाले, साहेब, दारात मी जय भीमच म्हणणार. साहेब हसून म्हणाले, बोला काका बिनधास्त. अन् तू म्हणाली होती, राहील मोठेबाबा, राहील.

ते तेवढं राहिलं म्हणजे झालं.

तुही
मोठी आई

•

मुंबई
१ एप्रिल २०२५

प्रिय मोठी आई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. चित्रपट १८ एप्रिलला लागतोय. नागपुरातही लागेल.

मला येता येणार नाही. तू थिएटरला जाऊ नकोस, मी पुन्हा सांगते. कारण भेटल्यावर सांगेन. माझं एवढं ऐक.

नंदिनी

•

हुडकेश्वर, नागपूर
२१ एप्रिल २०२५

चि. नंदूले जय भीम.

आम्ही गेलो होतो.

तू जाऊ नको म्हटलं ते मी कोणाले सांगतलंच नाही. मले वाटलं, पोरगी माही काळजी करून राहिली. चौदा तारखेची जयंती झाली अन् शुक्रवारचे तिकीट संघपालनं काढले. मी, संघपाल, पायल अन् शेजारच्या यमुताई. यमुताईनं विचारलं, कोणती साडी नेसू? मी पांढरी नेसली होती त तिनंही पांढरी नेसली. त्या मॉलमध्ये साऱ्या लोकाईत आम्ही दोघी पांढऱ्या साडीत, मोर्चाले निंघाल्यावाणी.

पिक्चर चालू झाला. आपलं घर दिसलं. माही चहाची गंजी दिसली, तिचा कान तुटका आहे तोही दिसला. यमुताई मोठ्यानं म्हणे, हे पाहा वं तुहं किचन! पिक्चरमधला नोकर मले, तुले, काहून असं बोलते अन् प्रत्येक वेळी लोक हसतात. बाकीचं घर पुण्यासारखं बोलते. एकाच घरात राहून तो एकटाच कसा असा बोलते, ते काही समजलं नाही. नागपुरातलेच लोक हसून राहिले होते, घरी जाऊन तसंच बोलत असतील.

भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर लावलं होतं. पण कॅलेंडर लहान पडलं. त्याच्या मागं आपल्या फोटोचे दोन मळके चौकोन दिसत होते, चुना त्यायनं फोटो न उतरवता भोवतीनंच लावला होता. मी तेच पाहत बसली. त्यायची सवय मले लागली.

मग दार उघडलं अन् ते आले. तो निळा कुरता, मीच इस्तरी केलेला. संघपालनं माहा हात धरला. त्यायनं तोंड उघडलं.

राम राम, या, बसा, चहा घ्याल ना?

कोण्या दुसऱ्याचाच आवाज होता. जाड. नाटकात म्हाताऱ्याचं काम करतात तसा. ते तोंड हलवून राहिले अन् दुसराच माणूस बोलून राहिला. खोकला नव्हता. मी ओठ पाहिले नंदू. मी बेचाळीस वर्षं पाहिलेले ओठ आहेत ते. जय भीमच म्हणत होते. मग ते आत गेले अन् झालं.

संघपाल म्हणे, आई, इथले स्पीकर खराब दिसतात. पोरगं माहं चाळीसचं होईल, अजून खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं असतील. मधात सुट्टी झाली, त्यानं समोसे आणले, मी खाल्ला. पूर्ण एक खाल्ला. मिरची होती त्यात, तिखट लागली नाही.

शेवटी नावं आली. त्यायचं नाव नव्हतं. ‘हुडकेश्वरच्या गावकऱ्यांचे आभार’ असं आलं. आपलं हुडकेश्वर गाव राहिलं नाही आता, नुसते फ्लॅट आहेत, पण ठीक आहे. अन् ‘नंदिनी के.’ असं एक नाव आलं. मी संघपालले विचारलं, ही आपली नंदू होय का? तो म्हणे हो. मी म्हटलं, हे के काय आहे? तो म्हणे खोब्रागडे. एवढं मोठं खोब्रागडे एका अक्षरात मावलं?

मले एकच सांग. तुले मालूम होतं का?

मोठी आई

•

मुंबई
४ मे २०२५

मोठी आई,

हो. मला माहीत होतं.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी मी त्यात जरा बरी दिसत होते, म्हणून फाडलं. आता सरळ लिहिते.

शूटिंगच्या सकाळीच साहेब मला म्हणाले होते, काकांना जे बोलायचंय ते बोलू दे, आवाज नंतर आपण दुसरा भरणारच आहोत. सगळ्याच लहान कामांचे आवाज नंतर भरतात. मला ते ठाऊक असताना मी मोठेबाबांना म्हटलं, राहील. ते दारात उभे होते, कुरत्याची बटणं लावत. मला त्यांच्यासमोर नाही म्हणता आलं नाही आणि साहेबांसमोरही आलं नाही. मग जे सोपं होतं ते बोलले.

पुढचं याहून वाईट आहे.

पुण्यानुमोदनाहून मी मुंबईला परतले त्याच्या तिसऱ्या दिवशी तो प्रसंग स्टुडिओत लागला. काचेपलीकडे एक आवाज देणारे गृहस्थ उभे होते. पडद्यावर मोठेबाबा. साहेब म्हणाले, जय भीम नको, हे घर सगळ्यांना आपलं वाटलं पाहिजे. त्यावर कोणी काही म्हणालं नाही. मीही नाही. आधी नमस्कार लावून बघितलं. बसेना. नमस्कार म्हणताना शेवटी तोंड उघडं राहतं आणि मोठेबाबांचे ओठ तर मिटलेले. पाच-सहा वेळा केलं. वेळ चालला होता. मग साहेब माझ्याकडे वळले, तू तिकडचीच ना, काय म्हणतात तुमच्याकडे?

मी म्हटलं, राम राम बसेल. जय भीममध्ये ओठ दोनदा मिटतात. राम राममध्येही दोनदाच.

पहिल्याच खेपेला बसलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. चहा आला, मी प्यायले. मोठी आई, त्या वेळी मला काहीही वाटलं नाही. समोर मोठेबाबा हलत होते, मी त्यांचे ओठ मोजत होते आणि मला काही वाटत नव्हतं. तू म्हणतेस ना, काहीच होऊन नाही राहिलं, तसंच. फक्त तुझ्यामुळे कोणाचं काही गेलं नाही.

के म्हणजे खोब्रागडेच. पाच वर्षांत इथे मी कोणाला आडनाव सांगितलं नाही. कोणी विचारलं तर हसून विषय बदलते. कोणी मला त्रास दिला म्हणून नाही. कोणी देईल म्हणून.

तू मला काहीही बोल. पण लिही.

नंदिनी

•

मुंबई
१३ जुलै २०२५

मोठ्या आईले नंदूचा जय भीम.

तुझं पत्र आलं नाही. वैशाख पौर्णिमेला वाट पाहिली, मग माझ्या वाढदिवसाला. संघपालदादाला फोन केला तर तो म्हणाला, आई बरी आहे, तुझं नाव निघालं की उठून कपडे वाळत घालायला जाते. वाळलेले असले तरी.

एक गोष्ट पाठवते आहे. आपल्या घरी शूटिंगच्या वेळी अंकुश होता, आठवतो का? डोक्यावर कानटोपीएवढे हेडफोन घालून बसायचा, तू त्याला दोन वेळा पोहे दिले होते. त्या दिवशी जागेवरचा सगळा आवाज त्यानंच टिपला होता. कंपनीत विचारलं तर म्हणाले, तो आवाज वापरला नाही, पुसला असेल. मी तीन महिने अंकुशच्या मागे लागले. तो बाहेरगावी दुसऱ्या शूटिंगला होता. परवा भेटला. म्हणाला, काकांचं मी पुसलं नव्हतं, असंच ठेवलं.

पेनड्राइव्ह पाकिटात आहे, कापसात गुंडाळून. टीव्हीच्या मागे लावला की लागेल, दादाला सांग. मी ऐकलेलं नाही. मले ऐकायची हिंमत नाही झाली अन् पहिले ऐकायचा हक्कही मला नाही. बटणावर बोट ठेवून बसली होती, मग काढून घेतला.

पाहा, लिहिता लिहिता ‘मले’ आलं. मी खोडत नाही.

तुझी
नंदू

•

हुडकेश्वर, नागपूर
६ ऑक्टोबर २०२५

चि. नंदूले मोठ्या आईचा जय भीम.

तुह्यावर मले लई राग आला होता. खोटं कायले बोलू. मे महिन्यातलं तुहं पत्र वाचून वाटलं, जाळून टाकावं. पण घरात गॅस आहे, चूल नाही, अन् गॅसवर कागद जाळला त पायल ओरडते. म्हणून राहिलं. यमुताईले मी म्हटलं, आपल्याच पोरीनं केलं. यमुताई म्हणे, आपल्याच पोरीले विचारलं ना त्या लोकाईनं, म्हणून केलं. मले नाही पटलं. अजूनही पूर्ण नाही पटलं.

तुहं पेनड्राइव्ह जुलैतच भेटलं. मी ते साखरेच्या डब्यावर ठेवून देलं. रोज चहा करताना दिसे. संघपाल म्हणे, लावू का आई? मी म्हणे, उद्या. मले भीती होती, त्यातूनही राम राम निंघालं त मी काय करू?

मग दसरा आला. दीक्षाभूमीले येणारे आपले काटोलचे लोक दर साली आपल्याच घरी उतरतात, तुले मालूम आहे. यंदा अकरा जण आले. दर साली दारात तुहे मोठेबाबा उभे राहत. यंदा दार वाजलं अन् पायल माह्याकडे पाहे, संघपाल माह्याकडे पाहे. मग मी गेली. जय भीम, या, बसा म्हटलं. चहा विचारायचं राहून गेलं, ते पायलनं विचारलं. पाहुणे काल गेले अन् मी स्वतः संघपालले म्हटलं, लाव रे ते.

नंदू, त्यात पहिले नुसती खरखर आहे. मग तो अंकुश म्हणते, काका, माईक लावला, काही तरी बोला. तुहे मोठेबाबा विचारतात, काय बोलू? तो म्हणते, काहीही बोला. त हे काय बोलले असतील? पिनकोड! नागपूर चार चार शून्य शून्य शून्य एक. काटोल चार चार एक तीन शून्य दोन. असे वीस-पंचवीस गावं घडघड बोलून गेले. संघपाल हसायले लागला अन् हसता हसता तोंड फिरवून बसला. मी नुसती ऐकत होती. तोच आवाज, जरासा नाकातला. मी विसरली नव्हती, तो कुठं तरी खाली जाऊन बसला होता.

मग सात वेळा जय भीम आहे. सातही वेळा. चौथ्या वेळी खोकला आहे.

पण पाचव्या अन् सहाव्याच्या मधात जे आहे ते तुह्यासाठी आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते. संघपालनं तीन वेळा थांबवून थांबवून ऐकवलं तवा मी कागदावर उतरवलं.

अंकुश हळूच विचारते, काका, हे जय भीम ते लोक ठेवतील का?

हे म्हणतात, नाही ठेवत बापा. पन्नास वर्षांपासून पिक्चर पाहून राहिलो, मले समजत नाही का?

तो विचारते, मग बोलता कशाला?

आता माह्या दारात मी दुसरं काय बोलू? ते त्यायचं काम करतील, मी माहं करतो. पण आमच्या पोरीले सांगू नको गा, मले मालूम हाय म्हणून. ती म्हणते राहील. तिले तिथं नोकरी करा लागते.

एवढं आहे. त्यायले पहिल्या दिवसापासून मालूम होतं. तू त्यायले फसवलं नाही, त्यायनंच तुले फसवलं. मलेही. नऊ महिने घरात राहिले, एक शब्द बोलले नाहीत. यमुताईले जाऊन सांगत, आमची भिंत नाही येत, पण माहा जय भीम येते पिक्चरात.

तरी तू ते ओठ मोजायले नको होते नंदू. ते मी विसरणार नाही. विसरणार नाही अन् पत्रही लिहीन, दोन्ही होते.

या पाकिटावर मी तुहं पूर्ण नाव लिहिलं आहे, खोब्रागडे सकट, मोठ्या अक्षरात, पिनकोडच्या आकड्याईले चौकोन करून. तुह्या बिल्डिंगीतले लोक वाचतील त वाचू दे. अर्ध्या नावाचं पत्र कोणाले देता येत नाही, फिरून फिरून परत येते, हे तुहे मोठेबाबा सांगत. छत्तीस वर्षं त्यायनं तेच पाहिलं. पुढच्या पिक्चरात तुहं नाव पुरं येईल की नाही ते तू पाहा. मी पाहायले येईन.

दिवाळीच्या सुट्टीत ये. भिंतीले चुना लावायचा आहे.

तुही
मोठी आई

ता. क. एक सांगायचं राहिलं. सातव्या वेळेनंतर सारे उठून राहिल्याचा आवाज आहे, खुर्च्या सरकतात. तवा दुरून एक बाई विचारते, पाणी देऊ का? ती मी आहे. मी विचारल्याचं मले आठवतही नाही. अन् ते म्हणतात, ‘नको वं.’ बस, तेवढंच, मग बंद होते. संघपाल म्हणे, परत लावू का? अकरा महिने झाले, मी एकदाही रडली नव्हती. काल रडली नंदू, ‘नको वं’ ऐकून. लई रडली. पायलनं पाणी आणून देलं.